रत्तलामागे पाव आणा

हळर्णचा किल्ला शापोरा नदीच्या काठी आहे. पेडणे तालुक्यातल्या या गावात वाकडी वाट करून कोणी आलाच, तर तो बहुधा या किल्ल्यासाठी. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेदा याने तो वाडीकर सावंत-भोसल्यांकडून जिंकून घेतला. त्याच मोहिमेत डिचोलीही त्याच्या हाती आली. लिस्बनच्या दरबाराला या बातम्यांचे मोठे अप्रूप वाटले. हा सरदार तोवर कास्तेलु नोव्हुचा मार्किस म्हणवत असे. १७४८ साली राजाने त्याची पदवी बदलली आणि तो ‘आलोर्नाचा मार्किस’ झाला. पोर्तुगीजांच्या तोंडी आपल्या हळर्णचा उच्चार आलोर्ना असा होतो.

किल्ला पुढे पुन्हा वाडीकरांकडे गेला. पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचा आला तो १७८८ मध्ये, पहिल्या मार्किसच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. पदवी मात्र कोणी परत मागितली नाही. मुलाकडे गेली, नातवंडांपर्यंत पोचली. त्याची नात लिओनोर (१७५०–१८३९) पोर्तुगीज साहित्यात मोठी कवयित्री म्हणून ओळखली जाते, आणि तिथे तिचे नाव ‘आलोर्नाची मार्किझा’ असेच घेतात. काम टिकले नाही, मोबदला टिकला.

या किल्ल्यावरून मला एक वेगळाच इतिहास सांगायचा आहे. दुसऱ्यांच्या पैशावर आणि दुसऱ्यांच्या श्रमावर चालणाऱ्या उद्योगाचा कारभार ज्याच्या हाती, त्याला किती द्यायचे? हे ठरवतो कोण, आणि कशावरून? हळर्णच्या जवळच मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आहेत, तुयेला औद्योगिक वसाहत आहे. शेती-बागायती करणाऱ्या घरांतली मुले आता कंपनीत कामाला जातात. स्वतःच्या पगाराचा आकडा त्यांना पाठ असतो. कंपनीच्या वरच्या मजल्यावरचा आकडा कसा जन्माला येतो हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्याकडे भात झोडून झाले की खळ्यावर रास घालायची आणि मापाऱ्याने ती मापायची. पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. कुळाचा वाटा, भाटकाराचा वाटा, देवाचा वाटा, सगळे त्या मापावर ठरायचे. म्हणून मापारी कोणाचा माणूस आहे, याकडे खळ्यावरच्या प्रत्येकाचे लक्ष असे. ज्याला वाटा न्यायचा आहे त्यानेच माप धरले तर काय होईल, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. कंपन्यांच्या इतिहासात मात्र ते शिकायला साडेतीनशे वर्षे लागली.

पहिला धडा आपल्या शेजारीच गिरवला गेला. पेडण्याच्या उत्तरेला वेंगुर्ले आहे, आणि तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वखार घातली. गोव्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना या वखारीचा आधार होता. १६०२ साली ही कंपनी निघाली तेव्हा सनदेत संचालकांचा मोबदला लिहून दिला होता: जहाजे सजवून पाठवायला येणाऱ्या खर्चावर शेकडा एक, आणि परत आलेल्या मालावर शेकडा एक. पहिला भाग पुन्हा वाचावा. खर्चावर टक्का! जहाज जितके महाग, तितका संचालक खूश. त्याच संचालकांपैकी काही स्वतः कंपनीला लाकूड, दोर, अन्नधान्य विकणारे व्यापारी होते. हिशेब तर भागधारकांना दाखवलेच जात नव्हते. १६२२ च्या सुमारास चिडलेल्या भागधारकांनी पत्रके छापून संचालकांवर उघड आरोप केले. पुढच्या सनदेत थोडी वेसण आली आणि १६४७ पासून टक्केवारी जाऊन ठराविक वार्षिक पगार आला. वेंगुर्ल्याच्या वखारीत मिरी तोलणाऱ्या कारकुनाला या भांडणाचा पत्ता असेल-नसेल, पण त्याच्या मालकांच्या मिळकतीचे सूत्र तोवर बदलून झाले होते.

इंग्रजांच्या कंपनीची तऱ्हा निराळी. लंडनच्या चोवीस संचालकांचा कागदावरचा पगार त्यांच्या ऐपतीच्या मानाने किरकोळ होता. खरी मिळकत वशिल्याची होती. हिंदुस्थानातल्या कारकुनीच्या आणि लष्करातल्या जागांवर कोणाला नेमायचे, हा हक्क संचालकांमध्ये वाटला जाई. नात्यागोत्यातली पोरे तिथे चिकटत. काही जागा चक्क विकल्या गेल्याचे उघड झाले आणि १८०९ साली पार्लमेंटला चौकशी करावी लागली. १८५३ च्या कायद्याने कारकुनीच्या जागांवरचा संचालकांचा हा नेमणुकीचा हक्क काढून घेतला आणि त्याच वेळी त्यांचा पगार वाढवला. वशिल्याची काय किंमत होती हे त्या वाढीवरून कळते.

त्यानंतर एकाच वर्षाने, १८५४ मध्ये, मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी केली. १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाके फिरू लागली. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची मुभा मिळाली, म्हणजे कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार जाणार नाही अशी हमी आली. पैसेवाले शेटजी गिरण्यांचे भाग घेऊ लागले. पण गिरणी चालवायची कोणी? मँचेस्टरहून यंत्रे मागवायची, कापूस खरेदी करायचा, सूत चीनला पाठवायचे, सावकाराकडून पैसा उभा करायचा. हे सगळे जमणारी माणसे मोजकी. त्यांनी पेढ्या काढल्या आणि कंपनीने त्या पेढीशी करार केला. यांना म्हणत मॅनेजिंग एजंट.

कंपनीला संचालक मंडळ असे, त्याच्या सभा होत, सभेचा भत्ता मिळे. कारभार मात्र एजंटाचा. संचालक बहुधा एजंटाच्याच ओळखीपाळखीतले. करार वर्षानुवर्षांचे, काही तर कंपनी असेपर्यंतचे. एजंट वारला की एजन्सी मुलाकडे. शेती विकावी तशी एजन्सी विकताही येई. आलोर्नाच्या पदवीसारखीच ही वस्तू वारशाने जाणारी होती.

आणि मोबदला? मुंबईच्या गिरण्यांत रूढ झालेला दर होता रत्तलामागे, म्हणजे पौंडामागे, पाव आणा. गिरणीत जितके रत्तल सूत निघेल, तितके पाव आणे एजंटाचे. चौसष्ट रत्तलांना एक रुपया. वर्षाला दहा लाख रत्तल सूत काढणारी गिरणी धरली, तर एजंटाच्या घरी १५,६२५ रुपये बिनबोभाट गेले. सूत विकले गेले का, तोट्यात गेले का, गोदामात पडून राहिले का, या कशाशी त्या पैशाचा संबंध नव्हता. अहमदाबादेत विक्रीवर टक्केवारी घेण्याची चाल होती. तिथे निदान माल खपावा तरी लागे.

हा दर कोणी दुष्टपणाने शोधून काढला असे मला वाटत नाही. सुरुवातीच्या दिवसांत नफ्याची शाश्वती नव्हती, आणि दहा ठिकाणी पतीवर पैसा उभा करणाऱ्याला काहीतरी हमखास मिळायला हवे होते. रत्तल मोजायला सोपे, त्यात वादाला जागा नाही. व्यापारी मनाला हे माप स्वच्छ वाटले असणार. पण माप एकदा ठरले की माणूस मापाच्या कलाने वागू लागतो. रत्तलावर पैसा मिळणाऱ्याला गिरणी बंद ठेवणे परवडत नाही. मग रविवार असो, बाजार पडलेला असो, मजुराला ताप असो.

या रत्तलांच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. रत्नागिरी, सावंतवाडीपासून माणसे गलबतांनी आणि पायी मुंबईला जात, परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत दहा-बारा जण राहत आणि गावाला मनिऑर्डर धाडत. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. आठवड्याची सुटी नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांच्या सभा घेऊन अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजारांच्या वर सह्या-अंगठे होते. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला मदत. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत काम केलेले. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजार मजुरांची सभा भरली, दोन मजूर स्त्रियाही तिथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

तो एक रविवार मिळायला सहा वर्षे का लागली? मालकांचा हेका, परदेशी स्पर्धेची भीती, सरकारची अनास्था, अशी पुष्कळ कारणे इतिहासकार देतात. मला त्यांत पाव आण्याचीही भर घालावीशी वाटते. गिरणी थांबली की ज्याचे उत्पन्न त्याच क्षणी थांबते, तो सुटीला सहजासहजी हो म्हणणार नाही. संचालकाचा मोबदला हा त्याच्या आणि भागधारकांच्या मधला खासगी प्रश्न आहे असे जे मानले जाते, ते इथेच खोटे ठरते. मजुराची झोप त्या सूत्रात अडकलेली होती.

जमशेटजी टाटांना हे सूत्र पसंत नव्हते. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली होती आणि चांगल्या कारभाराने गिरणी फायद्यात चालते हे दाखवून दिले होते. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची बदनाम झालेली धरमसी मिल विकत घेऊन ‘स्वदेशी’ उभी केली, तेव्हा करारच बदलला. रत्तलावर काही नको, नफ्यावर दलाली घ्यायची. नफा नाही तर दलाली नाही. स्वदेशीची पहिली वर्षे फार वाईट गेली. जुनी यंत्रे, न टिकणारे मजूर, घसरलेला भाग. रत्तलाचा करार असता तर त्या वर्षांतही पेढीची कमाई चालू राहिली असती. जमशेटजींनी उलट स्वतःचे पैसे गुंतवून गिरणी सावरली. त्यांचे कौतुक पोलादासाठी होते, ताजमहाल हॉटेलासाठी होते. या एका ओळीच्या कराराबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते हिंदी उद्योगाच्या इतिहासात ती ओळ त्या दोहोंच्या तोडीची आहे.

बाकीच्या पेढ्यांनी हे लगेच उचलले नाही. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या, रुपया आणि चिनी चांदी यांचा मेळ तुटला आणि चीनला जाणारे सूत महाग पडू लागले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लोक जिवाच्या भीतीने गावाकडे पळाले. पाठोपाठ दुष्काळ. सुताच्या गासड्या पडून राहत असताना काही गिरण्या सूत काढतच राहिल्या, ही टीका त्या काळी झाली आणि पुढेही होत राहिली. पुढे एकेका गिरणीत नफ्याची दलाली रूढ होत गेली, पण मग भांडण नव्या जागी सरकले: नफा म्हणजे काय? यंत्रांची झीज वजा करण्याआधीचा की नंतरचा? झीज वजा न करता दलाली घेतली, तर वीस वर्षांनी यंत्र मोडीत निघते तेव्हा नवे घ्यायला पैसा नसतो. दलाली मात्र खाऊन झालेली असते.

१९३६ च्या दुरुस्तीने कायद्याने पहिल्यांदा या मापात हात घातला. नव्या एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याच्या टक्केवारीतच द्यायचा, झीज वजा करूनच नफा काढायचा, करार वीस वर्षांपेक्षा जास्त नको, आणि संचालकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण एजंटाने नेमायचे नाहीत. वाचायला भक्कम वाटते. पण त्याच कलमात नफा न झाल्यास ‘किमान मोबदला’ आणि वर ‘कचेरी भत्ता’ घ्यायची सोय ठेवली होती. एका हाताने दार लावले आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडी ठेवली. शिवाय कापूस खरेदीवरची दलाली, यंत्रखरेदीवरची दलाली, विक्रीची एजन्सी ही चिल्लर वाटणारी पण भरघोस मिळकत होतीच.

या सगळ्याचा कडेलोट सोलापुरात झाला.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ सालची. मोरारजी गोकुळदासांनी काढलेली, सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’. भोंग्यावर शहराची घड्याळे लागत, सणाला बाजार फुले तो तिच्या पगारावर. देशातल्या मोठ्या गिरण्यांत तिची गणना होई. कंपनीचे भरलेले भांडवल ३२ लाख रुपये होते. त्यातले निम्मे हजार-हजार रुपयांच्या साध्या भागांचे आणि निम्मे अग्रहक्काच्या ३२,००० भागांचे. हे भाग शंभराचे, पण त्यांचे पन्नासच भरलेले. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो देशाच्या राज्यघटनेपर्यंत जातो.

१९४९ च्या ऑगस्टात जुन्या गिरणीला टाळे लागले. हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला. गैरकारभार आणि हेळसांड यांमुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि मोठी बेकारी ओढवली, असे त्याच्या उद्देशिकेत स्पष्ट म्हटले होते. एजंटाचा करार रद्द, जुने संचालक बरखास्त, त्यांच्या जागी सरकारी नेमणुकीचे संचालक. खासगी कंपनीच्या कारभाऱ्यांना स्वतंत्र भारताच्या सरकारने असे उचलून बाजूला केल्याचे हे पहिले मोठे उदाहरण.

कंपनीचा एक भाग नावावर असलेले चिरंजितलाल चौधरी सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ डिसेंबर १९५० रोजी त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मग नव्या संचालकांनी गिरणीसाठी पैसा उभा करायला अग्रहक्काच्या भागांचे उरलेले पन्नास रुपये मागितले. मुंबईचे भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांनी त्याला आव्हान दिले. कंपनी सरकारने ताब्यात घेतली, भरपाई दिली नाही, आणि वर आमच्याकडेच पैसे मागता, असा त्यांचा मुद्दा. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने तो मान्य केला आणि कायदा घटनाबाह्य ठरवला. त्यावर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली. अनुच्छेद ३१अ मध्ये नवे खंड घातले गेले. मालमत्तेचा कारभार लोकहितासाठी मर्यादित काळापुरता ताब्यात घेणारा कायदा, आणि कंपन्यांचे मॅनेजिंग एजंट, व्यवस्थापकीय संचालक, संचालक यांचे हक्क कमी करणारा कायदा, हे भरपाईच्या कारणावरून रद्द होणार नाहीत, असे त्यांत म्हटले आहे. भारताच्या राज्यघटनेत ‘संचालक’ आणि ‘मॅनेजिंग एजंट’ हे शब्द आले, त्यामागे सोलापूरच्या जुन्या गिरणीचा हा खटला मोठ्या अंशी आहे. आज सोलापुरात फिरताना ही गोष्ट सांगणारा माणूस मला क्वचित भेटतो. शाळेच्या पुस्तकात तर ती असायलाच हवी.

त्याच वर्षांत दिल्लीत कंपनी कायद्याचे नवे विधेयक तयार होत होते. सी. एच. भाभा यांच्या समितीने १९५२ साली अहवाल दिला होता. विधेयक संसदेत मांडून तडीस नेले ते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. रायगडच्या पायथ्याशी जन्मलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला हा माणूस. एजन्सी पद्धत आजच्या आज मोडून टाका, अशी सभागृहात जोरदार मागणी होती. चिंतामणरावांनी ती मानली नाही. भांडवल उभे करणारी दुसरी व्यवस्था तयार होईपर्यंत ही पद्धत लगाम घालून वापरावी, असे त्यांचे मत होते. मला हे मत त्या काळापुरते बरोबर वाटते, कारण लगाम खरोखर घातला गेला. एजंटाला निव्वळ नफ्याच्या शेकडा दहापेक्षा जास्त नाही. एजंट, संचालक, व्यवस्थापक सगळे मिळून शेकडा अकरापेक्षा जास्त नाही. नफा नसेल तर वर्षाला फार तर पन्नास हजार रुपये. १५ ऑगस्ट १९६० नंतर एका एजंटाकडे दहापेक्षा जास्त कंपन्या नकोत. १ एप्रिल १९५६ पासून कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले. मराठी माणसाला त्यांचा राजीनामा आठवतो, ते योग्यच आहे. हा कायदाही आठवावा. त्यातला अकराचा आकडा आजही जिवंत आहे.

३ एप्रिल १९७० रोजी एजन्सी पद्धत कायद्याने संपली. एजंट गेले आणि त्यांच्याच घरातली माणसे व्यवस्थापकीय संचालक म्हणून त्याच खुर्चीत बसली. सरकार आता त्यांच्या पगारावर कमाल मर्यादा घालू लागले. १९७३-७४ मध्ये सर्वात वरच्या मिळकतीवरचा आयकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. रोख पगार घेण्यात अर्थ उरला नाही तेव्हा मोबदला बंगल्याच्या, मोटारीच्या, नोकरचाकरांच्या आणि क्लबाच्या वाटेने जाऊ लागला. अमेरिकेत वीस वर्षांनी असेच घडले. १९९३ साली तिथे कंपन्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या दहा लाख डॉलरच्या वरच्या पगाराला करसवलत बंद केली, पण कामगिरीवर आधारलेला मोबदला वगळला. पगार थबकला आणि शेअरांच्या रूपातला मोबदला त्याच्या कितीतरी पुढे गेला. कर बसला की पैसा वाट बदलतो.

गोव्यात हे सगळे उशिरा आले. डिचोलीचे लोहखनिज जपानला जाऊ लागले तेव्हा राज्य पोर्तुगीजांचे होते, आणि बहुतेक खाण कंपन्या घराण्यांच्या होत्या. घरातलाच मालक, घरातलाच संचालक, त्यामुळे किती घ्यायचे हा सवाल घरातच मिटे. भारतीय कंपनी कायदा इथे पोचला तो १९६१ च्या मुक्तीनंतर. पण पाव आण्याचा धडा डिचोलीकरांनी रस्त्यावर पाहिला आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाल्याला पैसा फेरीवर मिळे. जितक्या फेऱ्या तितकी कमाई. मग साखळीच्या नि उसगावच्या रस्त्यांवर ट्रक कसे धावत, शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडताना काय वाटे, ते त्या पिढीला विचारावे. ट्रकवाला मुळात वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर कर्ज होते आणि त्याचे माप फेरी हे होते.

आजचा कायदा २०१३ चा. शेकडा अकराची मर्यादा कायम आहे, एका व्यवस्थापकीय संचालकाला शेकडा पाच. पण २०१८ पासून ती ओलांडायला सरकारची परवानगी लागत नाही, भागधारकांचा ठराव पुरतो. मोठ्या कंपन्यांत मोबदला ठरवायला संचालकांचीच एक समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य स्वतंत्र संचालक असतात. ही समिती पाहते काय? कंपनीचा आकार, नफा, शेअरचा भाव, आणि सर्वात जास्त म्हणजे तोलामोलाच्या इतर कंपन्या काय देतात. इथेच आकडा चढतो. प्रत्येक समितीला वाटते की आपला माणूस सरासरीपेक्षा वरचा आहे, म्हणून त्याला सरासरीपेक्षा थोडे जास्त द्यावे. सगळ्यांनी असे केले की पुढच्या वर्षी सरासरीच वर गेलेली असते. यात कोणी चोरी करत नाही, तरी रास घटते.

आपल्याकडची दुसरी गोष्ट घराण्याची. कंपनी बाजारात नोंदलेली असते, लाखो भागधारक असतात, पण प्रवर्तक घराण्याकडे मोठा हिस्सा असतो. मुलगा संचालक, त्याच्या पगाराच्या ठरावावर मत देणारा बाप. उदय कोटक समितीच्या अहवालानंतर सेबीने १ एप्रिल २०१९ पासून नियम केला: प्रवर्तक संचालकाचा वार्षिक मोबदला ५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या अडीच टक्के, यांतल्या जास्तीच्या रकमेच्या पुढे जात असेल, तर विशेष ठराव हवा, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मते बाजूने पडायला हवीत. चांगला नियम आहे. पण त्या मतदानातून प्रवर्तकालाच बाजूला ठेवलेले नाही, ही त्याची मोठी उणीव आहे आणि ती दूर झाली पाहिजे. वाटा नेणाऱ्याने माप धरू नये.

नव्या कायद्याने एक गोष्ट फार मोलाची दिली. बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात सांगावे लागते की प्रत्येक संचालकाचा मोबदला कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभे केले तर जो बरोबर मध्ये येईल, तो हा कर्मचारी. लोखंड्यांच्या काळात हा आकडा कोणी काढला नाही. पाव आण्याच्या हिशेबात मजूर कुठे नव्हताच. आता तो एका कोष्टकात तरी संचालकाच्या शेजारी उभा आहे.

तुमच्या नावावर दहा शेअर असोत की हजार, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान तुम्हाला वार्षिक सभेची सूचना येते आणि मत घरबसल्या मोबाइलवरून देता येते. या वर्षी ती सूचना आली की संचालकांच्या मोबदल्याचा ठराव आणि अहवालातले ते गुणोत्तराचे कोष्टक शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि मत द्या.